ती शिडी मी दान दिलेली नाही

परवा सकाळी दुकानाचं शटर वर केलं, तर समोर ठेवलेल्या जुन्या लेथवर एक पतंग येऊन पडला होता. लाल, एका कोपऱ्याला फाटलेला. मी आधी पतंगाला हात लावला नाही. त्याच्यामागे लोंबणारा दोरा दोन बोटांत धरला आणि हलकेच ओढून पाहिला. सुती दोरा बोटांना धरून धरून जातो. नायलॉनचा नुसता निसटतो आणि निसटताना कातडी घेऊन जातो. हा सुती निघाला. मग माझं मलाच लक्षात आलं, की हे असं दोरा पारखणं मी कित्येक वर्षांत केलं नव्हतं. बोटांनी आपणहून केलं. संक्रांत जवळ आली होती.

शहरात संक्रांत गच्च्यांवरून येते. सातपूरला ती कारखान्यांच्या पत्र्यांवरून येते. सकाळी लोखंडाला हात लावावा तर ते चावतं. मशीनमधलं तेल काकवीसारखं घट्ट होतं. कानटोपीत आणि मफलरमध्ये गुंडाळलेली माणसं कामावर निघतात, नुसते डोळे उघडे, आणि तरी आम्ही एकमेकांना चालण्यावरून ओळखतो. चहाच्या टपरीवर माणसं कपात चहा कमी आणि ऊब जास्त शोधतात. हातगाडीवर बोरं, हरभऱ्याच्या जुड्या, उसाची कांडकी. दुपारी जेवणाच्या सुट्टीत शेडमधून बाहेर आलेले लोक तापलेल्या भिंतीला पाठ लावून बसतात आणि वर बघतात. पाठ उन्हात, डोळे आभाळात. कामगार वसाहतीतून कुणाच्या तरी चुलीवर भाजलेल्या तिळाचा वास येतो आणि तो कटिंग मशीनच्या जळक्या तेलाच्या वासात मिसळतो. मी इतकी वर्षं या दोन वासांच्या मधोमध काढली आहेत, की दुसरीकडे कुठे तिळाची वडी खाल्ली तर तिच्यात काहीतरी घालायचं राहिलंय असं वाटतं.

त्याच दिवशी दुपारी फोन आला. शहरातली एक संस्था आहे. पगार न घेता आपल्या भागात काम करणाऱ्या गटांचा ती दरवर्षी या दिवसांत सत्कार करते. नदीकाठचं निर्माल्य उचलणारे, दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांना डबे देणारे, एकट्या म्हाताऱ्यांना बँकेत नेऊन आणणारे, अशा लोकांचा. काम चांगलं आहे, मी नाही म्हणत नाही. संस्थेचे कुलकर्णी सर निवृत्त शिक्षक आहेत. फोनवरसुद्धा ते फळ्याकडे तोंड करून बोलल्यासारखे बोलतात.

"वसंतराव, यंदाच्या सेवा सन्मान सोहळ्याला प्रमुख पाहुणे तुम्ही. संक्रांतीच्या संध्याकाळी. समितीत एकमत झालं."

"विचार करून सांगतो," मी म्हणालो.

जुन्या मशिनरीच्या बाजारात मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा. मी विचार करून सांगतो म्हणालो, की समोरच्याने समजावं, याचं डोकं फिरलंय.

कारण याच संस्थेने एकदा माझा असाच मान केला होता. सगळ्यांदेखत मला पुढच्या सोफ्यावर बसवलं आणि ज्या माणसांत मी होतो त्यांच्यातून मला अलगद उचलून बाजूला ठेवलं. त्यांना स्वयंसेवक म्हटलं, मला देणगीदार. लोक म्हणतील, यात वाईट काय झालं? तेच तर कुणाला सांगता येत नाही. चिडायला सरळ कारण असलं की माणूस चिडून मोकळा होतो. गुलाबाचं फूल देऊन अपमान झाला, तर माणूस तो तोंडातल्या खड्यासारखा घोळवत बसतो. मी घोळवत बसलोय.

मी बागलाणचा. सटाण्याच्या बाजूला आमचं गाव. आई कांद्याच्या चाळीत काम करायची आणि भाजीवालीशी असा भाव करायची, की भाजीवाली शेवटी तिलाच विचारायची, तूच बस ना इथे. मला लहानपणी लाज वाटायची. आई म्हणायची, "भाव करामा काय लाज शे? मांगी तर नही ऱ्हायनूत." मागत तर नाही आहोत. मी सातपूरला आलो तो एका वर्कशॉपमध्ये झाडू मारायला. मग मशीन पुसायला, मग चालवायला, मग विकायला. या सगळ्यात मी कुणाकडून काही फुकट घेतलं नाही आणि कुणाला काही फुकट दिलंही नाही. ही माझी ख्याती आहे. मला देणगीदार म्हणणं म्हणजे माझ्याविषयी अफवा पसरवणं आहे.

तर ती शिडी. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या भंगारात ती मला दिसली. ॲल्युमिनियमची, दोन भागांची, दोरी ओढली की एकातून एक वर सरकणारी. भंगारवाल्याला तिची किंमत कळली नव्हती आणि मी ती त्याला कळू दिली नाही. एक अख्खी दुपार मी तिच्याकडे पाठ करून दुसऱ्याच वस्तूंचा भाव करत राहिलो, आणि निघताना म्हणालो, ती शिडीपण टाका वर. असा आनंद आयुष्यात थोड्या वेळा मिळतो.

शिडी दुकानात येऊन थोडे दिवस झाले असतील, संक्रांत होऊन गेली होती. पंडित आला. पंडित म्हणजे समोरच्या कारखान्यातला टर्नर, दिंडोरीकडचा, माझ्या झाडू मारण्याच्या दिवसांपासूनचा मित्र. त्यांच्या गेटबाहेर मोठं रेन ट्रीचं झाड होतं. त्याच्या शेंड्याला नायलॉनच्या मांजात एक घार अडकली होती. सकाळी पहिल्या शिफ्टचे लोक आत जाताना ती फडफडत होती. दुपारी ते सुटून बाहेर आले तेव्हाही फडफडत होती, फक्त थांबून थांबून.

"शिडी हाय का तुझ्याकडं?" पंडितने विचारलं.

"आहे. विकायची आहे."

"इकत नको. घटकाभर पाहिजे."

"आणि परत येईल कशावरून?"

"मी सांगतोय ना."

"मागच्या वेळी नेलेला पाना अजून यायचाय."

"मग तूपण चल शिडीबरोबर. मिठी मारून उभा ऱ्हा तिला."

मी गेलो. माझी शिडी राखायला गेलो, दुसरं काही मनात नव्हतं. पंडित वर चढला आणि मी खाली शिडीला खरोखरच मिठी मारून उभा राहिलो, कारण ती हलत होती आणि वर माझा मित्र होता. त्याने ब्लेडने दोरा कापला, घारीला मफलरमध्ये गुंडाळून खाली आणलं. मनगटावर तिने चांगलेच ओरखडे काढले होते. भोवती माणसं जमली. आता हिचं काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हा पलीकडे रस्त्याच्या कडेला शिलाई मशीन टाकून बसणारी एक बाई उठली आणि म्हणाली, "इकडे आणा. माझ्याकडं खोकं हे." त्या लीलाताई. कळवणकडच्या, नवरा नव्हता, कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायच्या. त्यांनी मिक्सरच्या खोक्यात चिंध्या अंथरल्या, वरून भोकं पाडली आणि पुन्हा मशीनवर बसल्या. जसं काही रोजच कुणी घारी शिवायला टाकून जातं.

आम्ही त्याला सेवा म्हणत नव्हतो. "झाडावर जायचंय" असं म्हणायचो. पुढच्या संक्रांतीला तर झाडंच झाडं. हळूहळू पंधरा-वीस माणसं झाली आणि काम कसं चालायचं, ते मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. सगळे कारखान्यातले. आपला बदली माणूस आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही ही सवय हाडांत मुरलेली. तोच नियम त्यांनी झाडाला लावला. भोंगा झाला की सुटलेले लोक गेटवरून थेट झाडाखाली यायचे, आणि जे आता कामावर जाणार ते त्यांना चार्ज द्यायचे. या फांदीवर दोरा राहिलाय. ती बाजू कुजकी आहे, तिकडे पाय देऊ नको. खोक्यातल्या बगळ्याने पाणी घेतलंय. असं सांगून ते पळत पंचिंगला जायचे. सगळे एका वेळी कधीच एकत्र आले नाहीत. एकाच गटातली काही माणसं एकमेकांना नावाने ओळखत नव्हती, फक्त त्यांनी सोडलेल्या कामावरून ओळखत होती. कुणाची गाठ कशी कापलेली असते, कुणी फांदीला फडकं बांधून खूण केलेली असते, त्यावरून.

मी या पाळ्यांत नव्हतो, माझं दुकान होतं. पण मी रोज असायचो. आणि माझं खरं काम शिडी धरणं नव्हतं. ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही, म्हणून इथे सांगतो.

झाडांवरून मांजा काढताना बरेच पतंग धड निघायचे. पंडित आणि बाकीचे ते पोरांना वाटून टाकायचे. मी म्हणालो, फुकट का देताय? पोरांच्या फिरक्यांमध्ये अजून नायलॉन आहे. उद्या तोच झाडावर येणार. पतंग हवा तर नायलॉन द्या, बदल्यात पतंग आणि सुती दोरा घ्या. मग मी कॉलनीच्या मैदानात पतंगांचा गठ्ठा घेऊन बसायला लागलो. सुती दोऱ्याची रिळं मी दुकानातून आणायचो. आणि काय सांगू, मोठमोठ्या कारखान्यांच्या मालकांशी मी भाव केलाय, पण त्या पोरांसारखं गिऱ्हाईक नाही. पुढचे दात पडलेली एक मुलगी होती. ती पतंग उन्हात धरायची, वकिलासारखी बघायची.

"काका, हा फाटलेलाय."

"कुठे?"

"इथं. आणि कण्णी पण चुकीची बांधलीय."

"मग नको घेऊस."

"मग मीपण मांजा नाही देत."

"बरं, दोन पतंग घे."

"तीन. आणि दोरा."

"अगं, तुझी फिरकी अर्धी आहे."

"अर्ध्या फिरकीतपण घार मरते. लीलाताईंनी सांगितलंय."

मी तीन दिले. मैदानाच्या वर आभाळ भरलेलं असायचं. कुठेतरी पतंग कटायचा आणि "गई बोला रे" अशी आरोळी या गच्चीवरून त्या गच्चीवर जायची. माझ्यासमोर पोरांची रांग, हातात जांभळ्या, हिरव्या, चमकत्या फिरक्या. संध्याकाळी त्या सगळ्या लीलाताईंच्या पुढ्यात ओतायचो. पुन्हा कुणाला वापरता येऊ नये म्हणून आम्ही तो मांजा कात्रीने बोटभर लांबीचा कापत बसायचो. उतरत्या उन्हात शिलाई मशीनभोवती चार-पाच बापे कात्र्या घेऊन बसलेले, शेजारी खोक्यांतून खुडबुड, आणि लीलाताई दोन टाके घालून मध्येच म्हणायच्या, "ती कात्री कापडाची हे, शेठ. तिची धार जाईल. तुमच्या दुकानातली आणा."

"माझ्या दुकानातल्या कात्रीचीपण जाईल."

"तुमच्याकडं बख्खळ हेत."

एकदा एक घुबड आलं. शेजारणी म्हणाल्या, हे घरात ठेवायचं नाही, वस्तीला चांगलं नाही. लीलाताईंनी शिवलेला ब्लाउज हातावेगळा केला आणि शांतपणे म्हणाल्या, "दिवसभर एका शब्दानं बोलत नाही. तुमच्यापेक्षा बरंय."

त्या हिवाळ्यांची आठवण आली की माझे तळहात आधी हुळहुळतात. मांजा ओढून बोटांच्या पेरांवर बारीक चिरा पडलेल्या असायच्या. बाजरीच्या भाकरीबरोबर भोगीची भाजी खाताना तिखट त्यात शिरायचं. बायको म्हणायची, दुकानदार माणसाचे हात का हे? मी वर वर चिडायचो. आतून बरं वाटायचं. झाडू मारायचो तेव्हा माझे हात असेच होते, आणि मध्ये बराच काळ ते हात मला भेटले नव्हते.

मग सत्कार आला. कुलकर्णी सर चौकशीला झाडाखाली आले त्या दिवशी मी मालेगावला मशीन बघायला गेलो होतो. सरांनी विचारलं, तुमच्या गटाचं नाव काय? नाव नव्हतं. अध्यक्ष कोण? कुणी नव्हता. सर पेचात पडले. ज्याला नाव नाही, अध्यक्ष नाही, एकत्र फोटोसुद्धा नाही, त्याचा सत्कार करायचा कसा? पंडितला वाटलं, आता हातचं जाणार. मोठ्या माणसांसमोर त्याची जीभ जड होते. तो म्हणाला, "आमचे आधारस्तंभ वसंतशेठ हायेत. शिडी त्यांचीच." त्याने माझा मान वाढवला. त्याच्या मते याहून मोठा शब्द नव्हता. सरांनी तो बरोबर आपल्या खणात टाकला. शिडी ज्याची, तो देणगीदार.

सोहळा संक्रांतीच्याच संध्याकाळी होता. पक्ष्यांसाठी झटणाऱ्यांचा सत्कार, आणि तो नेमका आभाळ पतंगांनी गच्च असताना. मी सरांना फोनवर सांगून पाहिलं होतं, दिवस बदला. ते म्हणाले, हॉल मिळत नाही. शेवटी आमच्या लोकांनी आपला उपाय काढला. निम्मे हॉलमध्ये, निम्मे झाडाखाली.

दारात एका मुलीने मला गुलाब दिला आणि पहिल्या रांगेकडे नेलं. मी पंडितच्या मागे चाललो होतो. ती म्हणाली, "सर, तुम्ही इकडे." पांढरं कव्हर घातलेला सोफा. शेजारी एक गृहस्थ बसले होते, त्यांनी संस्थेला पंखे दिले होते. आम्हाला कपबशीत चहा आला. मागे वळून पाहिलं, तर पंडित आणि बाकीचे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, हातात कागदी कप घेऊन, नवीन शर्टांच्या घड्या सांभाळत बसले होते. लीलाताईंनी मला हात केला. मी गुलाब हलवला.

मग नावं वाचली. ते स्टेजवर गेले. निवेदिका म्हणाली, ज्यांनी उदार अंतःकरणाने शिडी दान दिली. टाळ्या पडल्या. पंखेवाले माझ्याकडे वळून म्हणाले, "आपला व्यवसाय कशाचा?"

"शिडीचा," मी म्हणालो.

माझे हात मांडीवर होते, पेरांवर चिरा होत्या. वर स्टेजवर पंडितच्या हातांवरही तशाच असणार, इतक्या लांबून दिसत नव्हत्या. मैदानातल्या त्या घासाघिशीबद्दल एक शब्द नाही. मी जेवायला थांबलो नाही.

पुढच्या संक्रांतीला मी शिडी दुकानाच्या टेम्पोतून पाठवली. शिडी गेली, मी गेलो नाही. वाटलं, कुणीतरी येऊन विचारेल. शिडी वेळेवर, स्वच्छ पुसून परत आली, बरोबर तिळगुळाची पुडी. त्यापुढच्या वर्षीही तसंच. मग तसंच सुरू राहिलं. मोठी भांडणं लवकर मिटतात, कारण त्यांना तारीख असते, साक्षीदार असतात. हे भांडण मी एकटाच चालवत होतो, समोरच्याला पत्ता नव्हता.

सत्कार करू नयेत असं माझं म्हणणं नाही. जरूर करावेत. त्या सत्कारानंतर कारखान्याच्या साहेबांनी आमच्या लोकांना संक्रांतीच्या दिवसांत शिफ्ट बदलून द्यायला सुरुवात केली. झाडावर का चढता म्हणून हटकणारे चहा विचारायला लागले. मिळालेली शाल लीलाताईंनी एक दिवस अंगावर घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून खोक्यांवर पांघरायला काढली. थंडीत पक्ष्यांना ती मिक्सरच्या खोक्यापेक्षा जास्त मानवली. माझं म्हणणं एवढंच, की सत्कार करणाऱ्याला माणसं लावून ठेवायला कप्पे लागतात. देणारा इकडे, राबणारा तिकडे. आणि माणूस एकदा दुसऱ्याच्या कप्प्यात गेला, की त्याचे स्वतःचे लोकसुद्धा त्याला तिथेच शोधायला लागतात.

तर परवा फोन ठेवला आणि दुकान लवकर बंद करून तडक पंडितकडे गेलो. तो आता निवृत्त आहे, अशोकनगरला मुलाकडे असतो. अंगणात खुर्ची टाकून कानटोपी घालून बसला होता. मी बसायच्या आधीच सुरुवात केली. सोफा, गुलाब, पंखेवाले, सगळं. शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावून गेलं.

पंडितने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आत चल."

आत भिंतीवर त्या सोहळ्याचा फोटो होता, फ्रेम केलेला. मला वाटलं, त्याला शाल घालतानाचा असेल. नव्हता. बाजूने काढलेला होता. मागे लांब स्टेज, त्यावर अंगठ्याएवढी माणसं, त्यात पंडित कोणता तेही कळत नव्हतं. आणि पुढे सोफ्यावर, सगळ्यांत मोठा, मी.

"हाच का लावलास?"

"यात तू हाय ना."

"अरे, पण सत्कार तुझा होता."

"स्टेजवर आम्ही होतो ते आम्हाला ठाऊकच हाय. आपल्यातला माणूस कधी तसल्या सोफ्यावर बसलेला पाह्यला नव्हता. घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला दावतो मी. म्हणतो, हा आमचा वसंता. आमच्याबरोबर झाडू मारायचा."

"मला नव्हतं बसायचं तिथे."

"ते दिसतंय की तोंडावरून. एवढं आंबट तोंड फोटोत पहिल्यांदाच पाह्यलं."

हे ऐकून माझा राग गेला असं मी लिहिणार नाही. राग तिथेच होता, पण त्याला आता बसायला जागा मिळेना. मी नवा मुद्दा काढला. "मग इतकी वर्षं विचारायला का नाही आलास?"

"शिडी येत होती दरसाल. वाटलं, शेठ माणूस हाय, दुकान हाय, आपल्या परीनं करतोय. आणि खरं सांगू का, तू लय तापट. मी भ्यालो." त्याने कानटोपी नीट केली. "यंदा दुपारला माणूस कमी हाय. नवीन पोरं सगळी कॉन्ट्रॅक्टवर, सुट्टी मागितली की उद्या येऊ नको म्हणत्यात. मला आता गुडघ्यामुळं उभं ऱ्हावत नाय. लीलाताई एकल्याच असतात."

"मला विचारतोयस का?"

"नाय. सांगतोय."

तिथूनच मी कुलकर्णी सरांना फोन लावला. म्हणालो, संक्रांतीच्या संध्याकाळी मला जमणार नाही. सर म्हणाले, पत्रिका छापायला जायची आहे, तुमच्यासाठी थोडं मागेपुढे करू, दुसऱ्या दिवशी ठेवू. मी म्हणालो, करीलाही पतंग असतात. रथसप्तमीनंतर ठेवा, आभाळ मोकळं झालं की. म्हणजे ज्यांचा सत्कार करायचा, त्यांनाही यायला होईल. सर म्हणाले, हॉलचं बघावं लागेल. मी म्हणालो, बघा. पाव तास आम्ही ओढाताण केली आणि ते महिनाअखेरीवर आले. मग हळूच म्हणाले, "आणि प्रमुख पाहुणे म्हणून?"

"पाहुणा दुसरा बघा," मी म्हणालो. "मी पाहुणा नाही."

भोगीच्या दिवशी दुपारी मी झाडाखाली जायचं ठरलं होतं. निघायच्या वेळेला नेमकं कळवणचं गिऱ्हाईक आलं, ड्रिलिंग मशीन बघायला. मुरलेला माणूस होता. दोनदा उठून गेला, दोनदा परत आला. असा माणूस हल्ली मिळत नाही. मीही ताणून धरलं. व्यवहार झाला तेव्हा सावल्या रस्त्यावर आल्या होत्या.

मी मोटरसायकल लावली तेव्हा लीलाताई दोन्ही हातांनी शिडीला रेटून उभ्या होत्या. केस पांढरे झालेत, पाठ वाकलीय. वर एक तरुण पोरगा फांदीला कवटाळून बसला होता, शर्टाच्या आत काहीतरी धडपडत होतं. माझी त्याची ओळख नव्हती.

"ही का यायची वेळ?" लीलाताई म्हणाल्या. वळूनसुद्धा बघितलं नाही.

"एवढा काही उशीर नाही झाला."

"झालाय."

"थोडासा."

"वर बघा. त्याचा पाय भरून आलाय. मी म्हातारी बाई, माझ्या भरवशावर उतरंना तो. शेठ असाल दुकानात. इथं माणूस वर टांगलेलाय आणि तुम्ही आता येताय?"

रस्त्याने जाणारे दोघे-तिघे थांबून ऐकत होते. माझ्या तोंडाशी आलं होतं, की व्यवहार मोठा होता, धंदा सोडून कसं यायचं, मी काय कुणाचा नोकर आहे. मला असं बोलायची सातपूरमध्ये कुणाची हिंमत नाही. गेल्या कित्येक वर्षांत उशीर झाला म्हणून मला कुणी रागावलं नव्हतं. देणगीदाराला कोण रागावणार?

मी पुढे होऊन शिडीला खांदा लावला. लीलाताई हात झटकत बाजूला झाल्या.

वरून पोराने विचारलं, "आलं का कुणी, ताई?"

"आलं," त्या म्हणाल्या. "दुपारपाळीचे हेत. उतर आता."

पोराने एक पाय खालच्या पायरीवर टाकला, मग दुसरा. त्याचं वजन पायरीपायरीने माझ्या तळहातांत उतरत आलं.